डॉक्टरसाहेब, हात धुवायला पाणी देऊ का?



माणूस दवाखान्यात कशासाठी जातो? हा प्रश्न परीक्षेत आला तर तुम्ही हसाल आणि लिहाल, ‘बरा होण्यासाठी.’ उत्तर अगदी बरोबर आहे. परंतु या उत्तराला एक पुरवणी जोडावी लागते, आणि ती फारशी आनंदाची नाही. काही माणसे दवाखान्यात जाताना एक दुखणे घेऊन जातात आणि तेथे राहिल्यावर त्यांना दुसरेच दुखणे जडते. हाड मोडले म्हणून दाखल झालेल्याची जखम चिघळते; मूत्राशयात नळी घातलेल्या आजोबांना लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग होतो; दोन दिवसांच्या तान्ह्या बाळाच्या रक्तात जंतू शिरतात. दाखल होताना हा संसर्ग त्यांना नव्हता. तो त्यांना तेथे गाठतो. दाखल झाल्यानंतर साधारणपणे ४८ तासांनी किंवा त्यापुढे उद्भवणाऱ्या अशा संसर्गाला ‘रुग्णालयजन्य संसर्ग’ म्हणतात.

हा प्रकार क्वचित घडतो असे समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, रुग्णालयात दाखल झालेल्या दर १०० रोग्यांपैकी श्रीमंत देशांत ७ जणांना, तर गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना असा निदान एक तरी संसर्ग होतो. आणि ज्यांना तो होतो त्यांपैकी सरासरीने दहांतला एक दगावतो. तुमच्या वर्गात ६० विद्यार्थी असतील तर त्यांचे १५ टक्के म्हणजे ९ जण. वर्गातील दोन बाके भरतील एवढी ही मुले डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हा आकडा किती मोठा आहे ते कळेल.

याबाबत माझे एक मत आहे आणि ते मी आरंभीच सांगून टाकतो. हे जंतू एका रोग्याकडून दुसऱ्याकडे नेणारे सर्वांत मोठे वाहन म्हणजे माणसाचा हात. तो हात स्वच्छ ठेवणे हे केवळ डॉक्टर आणि परिचारिकांचे काम नाही. ते रोग्याचे, नातेवाइकांचे आणि तुमच्यासारख्या शाळकरी मुलांचेही काम आहे. या कामाच्या आड पाण्याची टंचाई येते हे खरे, पण तितकीच आपली भीडही येते.

जंतूंना पाय नसतात

क्षयाचे जंतू आणि गोवराचे विषाणू हवेतून पसरतात. परंतु रुग्णालयात जखमा चिघळवणाऱ्या आणि रक्तात शिरणाऱ्या बहुतेक जंतूंना तसे फार लांब उडता येत नाही. त्यांना पाय नाहीत, पंख नाहीत. काहींना शेपटीसारखे बारीक तंतू असतात, पण त्यांच्या बळावर या खाटेवरून त्या खाटेवर जाणे त्यांना शक्य नाही. मग ते जातात कसे?

समजा, शिरूर अनंतपाळ तालुक्यातील एका गावची बाळंतीण अडली. तिला आधी तालुक्याच्या गावी आणि तेथून निलंग्याला किंवा लातूरला न्यावे लागले. पोटावर शस्त्रक्रिया करून बाळंतपण झाले; आई आणि बाळ दोघेही सुखरूप आहेत. शेजारच्या खाटेवर पायाला पू झालेली एक बाई आहे. त्या पुवात ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ नावाचे जंतू आहेत. परिचारिका हातमोजे घालून तिची मलमपट्टी करते. मोजे काढताना मोज्याची बाहेरची बाजू बोटांना लागते. तेवढ्यात कोणीतरी हाक मारते, ‘सिस्टर, इकडे सलाईन संपली!’ ती धावत येते आणि बाळंतिणीच्या हातात टोचलेली सलाईनची नळी नीट करते. जंतूंचा एक प्रवास पूर्ण झाला.

त्याच वेळी गावाकडून मावशी येते. तिने वाटेत जीपचा दांडा धरला, नोटा मोजल्या, मुलाचे नाक पुसले. मायेच्या माणसाला दम कुठला? ती खाटेवर बसते आणि बाळाला उचलून त्याच्या गालावरून हात फिरवते. बाळाची नाळ अजून सुकलेली नाही. जंतूंचा दुसरा प्रवास पूर्ण झाला.

ही गोष्ट मी रचलेली आहे, पण तिच्यातील पायऱ्या कोणत्याही गावच्या, कोणत्याही मोठ्या शहरातल्या रुग्णालयात रोज घडू शकतात. त्यात कोणी दुष्ट नाही. परिचारिका कामसू आहे, मावशी प्रेमळ आहे. मीही नातलगाच्या उशाशी रात्र काढताना बाहेरून आल्याबरोबर, हात न धुता, त्याच्या खाटेवर बसलेलो आहे आणि त्याच हाताने त्याला पाणी पाजलेले आहे. तेव्हा हा लेख मी उपदेशकाच्या आसनावरून लिहीत नाही.

आता थोडे गणित करू. अनुकूल परिस्थितीत काही जीवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. एका जीवाणूचे एका तासात ८ होतात. ८ तासांत २४ वेळा दुप्पट झाले, तर किती होतील? वहीत करून पाहा. उत्तर १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ येते. शरीरात इतके बिनविरोध वाढणे त्यांना साधत नाही, कारण आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. परंतु नुकतीच शस्त्रक्रिया झालेला माणूस, म्हातारा माणूस आणि नवजात बाळ यांचे हे सैन्य दुबळे असते. शिवाय सलाईनची सुई, लघवीची नळी, शस्त्रक्रियेची जखम या प्रत्येक गोष्टीने त्वचेच्या तटबंदीला एक खिंडार पडलेले असते. निरोगी माणसाच्या हातावर जे जंतू काहीच करीत नाहीत, तेच त्या खिंडारातून आत गेले की घात करतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सुमारे तीनांपैकी एका माणसाच्या नाकात सुखाने राहत असतो आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो!

याखेरीज ‘ॲसिनेटोबॅक्टर’सारखे जंतू कोरड्या जागी, म्हणजे खाटेच्या कठड्यावर, टेबलावर, दाराच्या मुठीवर, कित्येक दिवस, प्रसंगी आठवडेही तग धरतात. म्हणून रोग्याला हात लावला नाही, नुसता खाटेचा कठडा धरला, तरीही हात स्वच्छ राहिला असे म्हणता येत नाही.

दोन जुन्या गोष्टी

हातांचा हा अपराध माणसाला कळला कसा? त्याची कथा युरोपातील व्हिएन्ना शहरात घडली. तेथील मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरांत सुमारे ११ बाळंतिणी तापाने मरत होत्या. दुसऱ्यात सुमारे ३. इमारत एकच, अन्न तेच, मग हा फरक का? इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरला या प्रश्नाने झोप येईना. १८४७ साली त्याचा एक मित्र शवविच्छेदनाच्या वेळी सुरीची जखम होऊन मरण पावला आणि त्याचे दुखणे बाळंतिणींच्या दुखण्यासारखेच दिसले. तेव्हा सेमेलवाइसच्या ध्यानात आले की, डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे येतात आणि मृत्यूचे बीज आपल्याच हातांवरून आणतात. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये शंभरांत १८ हून अधिक असलेले मृत्यू जुलैमध्ये एकाच्या आसपास आले.

तुम्हाला वाटेल की डॉक्टरांनी त्याला खांद्यावर घेतले असेल. तसे झाले नाही. ‘आमचे हात घाणेरडे आहेत असे हा म्हणतो!’ म्हणून अनेकांना राग आला. त्याची उपेक्षा झाली आणि १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. जंतूंमुळे रोग होतात हे पाश्चर, कॉख, लिस्टर यांच्या कार्याने पुढे सर्वमान्य झाले. तोपर्यंत किती माता गेल्या असतील, याचा हिशेब कोणी करावा?

दुसरी गोष्ट आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे ही लस परळच्या प्रयोगशाळेतून देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना ती टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष लसीचा आणि हाफकिनचा, असे प्रथम मानले गेले. त्याला प्रयोगशाळेचे प्रमुखपद गमवावे लागले. परंतु बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता, केवळ कार्बोलिक आम्लात बुडवून तो पुन्हा वापरला गेला होता, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. धनुर्वाताच्या जंतूंची बीजे मातीत असतात आणि ती अशा वरवरच्या उपायाला दाद देत नाहीत. त्यांचा नाश करण्यासाठी प्रेशर कुकरसारख्या बंद भांड्यात दाबाखालील वाफेने १२१ अंश सेल्सियसपर्यंत हत्यारे तापवावी लागतात. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हाफकिनची बाजू मांडली आणि १९०७ साली तो दोषमुक्त झाला. त्याच प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन संस्था हे नाव मिळाले.

या दोन गोष्टींतून मला एकच बोध होतो. अनर्थ घडवणारी गोष्ट क्षुल्लक असते: न धुतलेला हात, खाली पडलेला चिमटा. ती क्षुल्लक असते म्हणूनच तिच्याविषयी विचारणे लोकांना अपमानास्पद वाटते. चिमटा पडला त्या क्षणी शेजारच्या कोणीतरी ‘थांबा, दुसरा घ्या’ असे म्हटले असते तर?

भीड ही भिकेची बहीण

आपल्याकडे असे म्हणणारा माणूस क्वचितच सापडतो. डॉक्टरसाहेब आले की आपण उठून उभे राहतो, टोपी सावरतो, प्रश्न गिळून टाकतो. ‘हात धुतले का?’ असे एखाद्या मुलीने विचारलेच, तर तिची आईच तिला दटावील, ‘गप्प बस, मोठ्यांना असे विचारतात होय?’ थोरांचा मान राखावा हे मलाही मान्य आहे. परंतु मान राखणे म्हणजे तोंडाला कुलूप लावणे, हा अर्थ कोणी केला?

आपल्याच घरात पाहा. पाहुणा उन्हातून आला की आपण त्याच्यापुढे तांब्याभर पाणी ठेवतो आणि म्हणतो, ‘हातपाय धुवून घ्या.’ त्यात पाहुण्याचा अपमान होतो काय? उलट तो सत्कार समजला जातो. मग तीच रीत रुग्णालयात का नेऊ नये? ‘डॉक्टरसाहेब, हात धुवायला पाणी देऊ का?’ असे तुम्ही हसतमुखाने विचारलेत, तर समजूतदार डॉक्टरला राग येणार नाही. घाईत त्याला विसर पडला असेल तर आठवण होईल आणि हात आधीच धुतले असतील तर तो तसे सांगेल. पांढऱ्या डगल्याला हा प्रश्न विचारता येतो, ही जाणीव एकदा सर्वांना झाली की विसरण्याचे प्रमाण आपोआप कमी होईल.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे धैर्य मुलांना कोठून मिळायचे? ते वर्गातूनच मिळायचे. ‘गुरुजी, आपण फळ्यावर चुकीचे लिहिले आहे’ असे म्हणणाऱ्या मुलाला आपण शाबासकी देतो की खाली बसवतो, यावर पुढे तो आईच्या खाटेशेजारी उभा असताना बोलेल की गप्प राहील, हे ठरते.

पाणी कोठून आणायचे?

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. ‘साहेब, आमच्याकडे प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही घटकेघटकेला हात धुवायला सांगता!’ लातूर जिल्ह्याला पाण्याची किंमत कोणी शिकवायला नको. मांजरा धरण कोरडे पडले तेव्हा, १२ एप्रिल २०१६ रोजी, मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली होती.

पण आता हिशेब करा. तांब्याने जपून पाणी घेतले तर एका वेळी हात धुवायला लिटरभर पाणी पुरते. म्हणजे त्या पहिल्या गाडीत पाच लाख वेळा हात धुण्याइतके पाणी होते. टंचाईत पाण्याची वाटणी करताना रुग्णालयाच्या हात धुण्याच्या नळाचा हक्क पहिला असावा, बांधकामाचा, गाड्या धुण्याचा आणि बागेचा नंतर, असे माझे स्पष्ट मत आहे. गावाने हे ठरवले पाहिजे. रुग्णालय केवळ सरकारचे नसते, ते आपलेही असते.

दुसरे असे की, हात दिसायला मळलेले नसतील तर दर वेळी पाणी लागतच नाही. अल्कोहोलयुक्त द्रव दोन्ही हातांना सर्व बाजूंनी लावून २० ते ३० सेकंद चोळला तर बहुतेक जंतू मरतात. करोनाच्या साथीत त्याच्या बाटल्या घरोघरी आल्या होत्या. साबण आणि पाण्याने धुवायचे तर ४० ते ६० सेकंद द्यावे लागतात. हात रक्ताने, पुवाने किंवा मळाने भरले असतील, किंवा जुलाबाचा रोगी असेल, तर मात्र साबण आणि पाणीच हवे. कारण जुलाब घडवणाऱ्या काही जंतूंची बीजे अल्कोहोलला दाद देत नाहीत. हातमोजे घातले म्हणून हात धुणे टळत नाही आणि एकाच मोज्याने दोन रोग्यांना हात लावणे तर मुळीच चालत नाही.

तिसरा आक्षेप परिचारिकांच्या वतीने मीच घेतो. एकीला अनेक रोगी सांभाळावे लागत असतील आणि हात धुण्याची जागा खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर सगळा दोष तिच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. प्रत्येक खाटेजवळ हाताशी येईल अशी द्रवाची बाटली आणि प्रत्येक खोलीत साबण व पाणी असणे, ही व्यवस्थेची जबाबदारी आहे. ते नसेल तेथे नागरिकांनी ते मागितले पाहिजे.

शेवटी एक भाबडी समजूत. ‘जंतू शिरले तर शिरले, जालीम इंजेक्शन देतील!’ प्रतिजैविक औषधांनी असंख्य प्राण वाचवले आहेत यात शंका नाही. परंतु वारंवार आणि अकारण वापरामुळे त्या औषधांना न जुमानणारे जंतू आता पुष्कळ झाले आहेत आणि रुग्णालये ही त्यांची आवडती वस्तीस्थाने आहेत. औषधाला जुमानत नाही असा जंतूही स्वच्छ धुतलेल्या हातावरून प्रवास करू शकत नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

तुम्ही काय कराल?

जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याच्या पाच वेळा सांगितल्या आहेत: रोग्याला स्पर्श करण्यापूर्वी, जखम, सुई किंवा नळी यांचे काम करण्यापूर्वी, रक्त, मलमूत्र यांच्याशी संपर्क आल्यानंतर, रोग्याला स्पर्श केल्यानंतर, आणि रोग्याभोवतीच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. या पाच ओळी शाळेच्या फळ्यावर लिहा. भेटीला जाताना आणि परतताना तुम्हीही हात धुवा. रोग्याच्या खाटेवर बसू नका. सर्दी-खोकला असेल तर भेटीला जाऊच नका. निरोप पाठवा, प्रेम पोहोचते.

आणि वर्गात हा खेळ करून पाहा. एका विद्यार्थ्याने तळहाताला थोडे तेल लावून त्यावर गुलाल घ्यावा. मग नेहमीप्रमाणे तास सुरू ठेवावा: वह्या द्याव्यात, दार उघडावे, मित्राशी हात मिळवावा. अर्ध्या तासाने गुलाल कोठे कोठे पोहोचला ते मोजा. बाकावर, खडूवर, दाराच्या कडीवर, कोणाच्या गालावर! जंतू असेच जातात. फरक एवढाच की गुलाल दिसतो आणि जंतू दिसत नाहीत.

खेळ संपल्यावर तो हात साबणाने धुवायला किती पाणी लागले, तेही तांब्याने मोजून ठेवा. मी लिटरभर म्हटले आहे. तुमचे उत्तर कमी आले, तर ते शिरूर अनंतपाळच्याच नव्हे, तर कोणत्याही दुष्काळी गावच्या रुग्णालयाला सांगण्यासारखे असेल.